वाळूतलं केलर

शारजाच्या विमानतळावर माझ्या आधी माझे आंबे बाहेर आले.

श्रीवर्धनहून निघताना पेटीला मी स्वतः सुंभ आवळला होता. मुंबईला त्यावर प्लास्टिकही गुंडाळून घेतलं होतं. तरी सामानाच्या पट्ट्यावर पेटी कुठेतरी फुटली आणि हिरवे, कच्चे हापूस एकामागून एक गडगडत बाहेर येऊ लागले. कुणाच्या सुटकेसवर एक, कुणाच्या बाळगाडीच्या खाली दोन. मी पदर खोचून पट्ट्याच्या कडेनं धावू लागले आणि माझ्यासोबत चार-पाच अनोळखी माणसंही वेचायला लागली. पांढरा कंदुरा (पायघोळ अंगरखा) घातलेल्या एका अरब गृहस्थांनी दोन आंबे उचलले, एक नाकाजवळ नेला आणि विचारलं, "मँगो? इंडिया?"

"श्रीवर्धन," मी म्हणाले. जणू त्यांचं आजोळच तिथलं!

एक आंबा मी त्यांच्याच हातात राहू दिला. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. परदेशातली माझी पहिली ओळख ही अशी झाली.

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. युसूफ माझा धाकटा भाऊ. मिसरूड फुटलं न फुटलं तोच शारजाला गेला. तेव्हापासून बोलावतोय, "आपा, ये." आधी शाळा होती, मग आमच्या ह्यांचं आजारपण आलं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा मीच एक दिवस फोन करून म्हटलं, "तिकीट काढ."

बाहेर युसूफ उभा होता. कानशिलांवर केस पांढरे झालेले, चालीत थोडा पोक. मला मिठी मारली आणि लगेच म्हणाला, "यल्ला आपा, चल, गाडी रस्त्यातच लावलीय." मग दोरीनं कशीबशी बांधलेल्या पेटीवर नाक टेकवून, "कच्चेच आणलेस ना?"

"कच्चेच. पण तुझ्या फ्लॅटात आढी घालायची कुठं?"

"फ्लॅटात कशाला? केलरात."

"कशात?"

"केलर गं. आमच्या अर्बाबाचं केलर." अर्बाब म्हणजे मालक, एवढं मला ठाऊक होतं. दुसरा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या रात्री जेवताना तो शब्द पुन्हा पुन्हा आला. भावजय रेहाना म्हणाली, "आंबे केलरात गेले की आठवड्यात तयार होतात, आपा." पंधरा वर्षांची भाची झोया, जी माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर द्यायची, तिनंही आईला बजावलं की मागच्या वर्षीची टोपली केलरातून आणायची राहिलीय. केलरात, केलरातून, केलराच्या पायऱ्या. माझा शिक्षिकेचा कान टवकारला. युसूफनं सांगितलं, शब्द जर्मन आहे, अर्थ तळघर, तेही सामान साठवायचं. पण माझ्या भावाच्या घरात त्याला मराठी विभक्तीचे प्रत्यय लागले होते, आणि प्रत्यय लागला की पाहुणा शब्द घरच्यांच्या पंगतीला बसतो, असं मी मुलांना नेहमी सांगत आले होते.

युसूफच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे निघालो. शारजाचा औद्योगिक भाग मागे पडला. गॅरेजं, पत्र्याच्या शेडी, लोखंड कापल्याचा वास. "हे माझं ऑफिस," युसूफनं चालत्या गाडीतून बोट दाखवलं. पंप दुरुस्त करायचा कारखाना. तो उभारला हर्मन नावाच्या जर्मन माणसानं, आणि युसूफ तिथं लागला तो हर्मनच्याच हाताखाली. डोळे अधू झाल्यावर हर्मननं कारखाना विकला. युसूफ नव्या मालकाकडे राहिला, पण त्याच्या तोंडी अर्बाब म्हणजे अजून हर्मनच.

धैद गावाच्या रस्त्याला लागलो तसा वाळूचा रंग बदलला. पांढरट होती ती तांबूस झाली, अगदी आमच्याकडच्या चिऱ्यांच्या भुकटीसारखी. कुंपणापलीकडे उंट संथपणे चालत होते आणि मध्येच एखादं घाफाचं झाड, बाभळीच्या कुळातलं वाटणारं, एकटंच उभं. एका टपरीसमोर युसूफनं हॉर्न वाजवला, तसा गाडीतच करक (दाट दुधाचा, वेलचीचा चहा) आला. रेहानानं पैसे दिरहॅममध्ये दिले आणि मोठ्यांदा रुपयांत करून मला सांगितले. मी म्हटलं, "सांगू नकोस गं, चहा कडू लागतो." युसूफ हसला आणि त्याच हसण्यात त्यानं केलरची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

हर्मनची बायको हेल्गा लहान मुलीला घेऊन इथं आली तेव्हा त्यांनी धैदच्या बाजूला, शेतांच्या मध्ये बाग असलेलं एक घर भाड्यानं घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात बाई म्हणाल्या, घराला केलर नाही, मग मी मुरंबे ठेवू कुठं? घर म्हणजे काय नुसतं जमिनीच्या वरचं असतं? हर्मननं हसण्यावारी नेलं. पण एक दिवस त्यानं पाहिलं की बाई रिकाम्या बरण्या धुऊन, पुसून खाटेखाली रांगेनं मांडून ठेवतायत. दुसऱ्या सुट्टीला त्यानं फावडं घेतलं, आणि युसूफला नेलं.

"वाळू, आपा! एक पाटी काढावी तर दोन पाट्या आत घसरतात," युसूफ सांगत होता. "घराचे अरब मालक म्हातारे होते. रोज खुर्ची टाकून बसायचे बघत. म्हणायचे, तेल लागलं तर निम्मं माझं. अख्खा हिवाळा आम्ही खणत होतो. मग भोवती काँक्रीटच्या विटा, वर स्लॅब. ज्या दिवशी पायऱ्या झाल्या त्या दिवशी हेल्गा मॅडम पहिली बरणी घेऊन उतरल्या. वर आल्याच नाहीत बराच वेळ. आम्ही घाबरलो. आत जाऊन बघतो तर नुसत्या बसल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता मी इथं राहीन."

आणि राहिल्या. तीन वर्षांपूर्वी गेल्या त्याही इथेच.

हर्मन दारातच उभा होता. उंच, वाळलेला, पांढऱ्या भुवया, हातात काठी. गाडीच्या आवाजाच्या दिशेनं त्यानं तोंड वळवलं. "सिस्टर! वेलकम! आम लाया?" त्याची भाषा म्हणजे इंग्रजी, हिंदी आणि मधूनच युसूफकडून उचललेली कोकणी मराठी. मी त्याच्या हातात एक आंबा दिला. त्यानं अंगठ्यानं देठाशी हळूच दाबून पाहिलं. "कच्चा. गुड."

घराच्या मागच्या बाजूला लिंबाच्या झाडाखाली एक लाकडी दार जमिनीत तिरकं बसवलेलं होतं. ते उचललं तसा खालून गवताचा, लाकडाचा आणि कसल्यातरी जुन्या गोडाचा वास आला. भिंतीला हात लावत हर्मन पुढे उतरला. मला वाटलं होतं खाली गार असेल. तसं नव्हतं. पण वरची झळ तिथं पोचत नव्हती, आणि डोळ्यांना आराम वाटला. तो म्हणाला, "जर्मनीत केलर थंड असतं, सिस्टर. इथं थंडी करता नाही आली मला. फक्त सावली केली."

तिन्ही भिंतींना लाकडी फळ्या होत्या, बहुतेक रिकाम्या. युसूफनं चाऱ्याच्या दुकानातून आणलेलं सुकं गवत कोपऱ्यात होतं. मी आढी घातली. गवताचा थर, त्यावर देठ खाली करून आंबे, पुन्हा गवत. हर्मन भिंतीला टेकून गवताची कुसकुस ऐकत होता. पहिल्या वर्षी आंबे पिकले तेव्हा हेल्गा खाली आली आणि वास घेऊन म्हणाली, इथं कोण येऊन गेलं? हे सांगताना त्याचा चेहरा एकदम तरुण झाला.

झोया फळ्या पाहत फिरत होती. सगळ्यात वरच्या फळीवर काही मोजक्या बरण्या होत्या. झाकणांवर चौकटीच्या कापडाचे तुकडे, दोऱ्यानं बांधलेले. तिनं हात वर केला मात्र, काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"वो नहीं, बेटा," हर्मन म्हणाला. हळू म्हणाला, पण झोयाचा हात तिथेच थांबला. युसूफनं मला डोळ्यानं खुणावलं, विचारू नकोस.

वर येऊन कॉफी घेताना हर्मननं दुसऱ्याच कुणाची बातमी सांगावी तशी स्वतःची बातमी सांगितली. पुढच्या आठवड्यात मुलगी येतेय, कात्रीन. ती त्याला घेऊन जाणार. दोनदा तो केलरच्या पायऱ्यांवर पडला, आता एकट्यानं राहणं बरं नाही. घराचे म्हातारे मालकही राहिले नाहीत. त्यांचा मुलगा भला माणूस आहे, पण त्याला आपल्या मुलासाठी इथं नवं घर बांधायचंय. जमीन सपाट करणार.

आम्ही परत निघालो. खरं सांगायचं तर मला थोडा राग आला होता. बहीण इतक्या वर्षांनी आली, सुट्टीचा एकच दिवस, आणि तो ह्यानं त्या म्हाताऱ्याच्या अंगणात काढला. मी तसं बोललेही.

त्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आपा, केलर झालं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मला ताप भरला होता. कामगारांच्या कॅम्पातला एसी बंद. हेल्गा मॅडमनी मला घरी आणलं, केलरात खाट टाकली आणि पट्ट्या ठेवत बसल्या. मी आईला हाका मारायचो. त्यांना आई म्हणजे काय तेवढं कळायचं. यस, यस, आई, असं म्हणायच्या."

आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या सुट्टीलाही जाऊ."

मधले दिवस पाहुणीसारखे गेले. रेहानानं मला दुबई दाखवली, तो उंच मनोराही दाखवला. मान वर करून करून माझी मान धरली. इंटरनॅशनल सिटीजवळच्या ड्रॅगन मार्टात तर मी हरवलेच. दिवे, चटया, प्लास्टिकची फुलं ह्यांच्या गल्ल्यांतून फिरता फिरता रेहाना दिसेनाशी झाली आणि फोन माझ्या पिशवीच्या तळाशी. एका चिनी दुकानदारणीनं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना नातवंडांचे फोटो दाखवले. रेहाना धापा टाकत आली तेव्हा मी त्या दुकानदारणीच्या तिसऱ्या नातवापर्यंत पोचले होते.

कात्रीन आली. हर्मनच्या जायच्या दिवशी आम्ही सकाळीच धैदला गेलो. विमान संध्याकाळचं. रेहानानं घावणे करून घेतले होते आणि आढीतले आंबे आता पिकले असणार होते.

घर रिकामं झालेलं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. कात्रीन पन्नाशीकडे झुकलेली, बापासारखीच उंच, आखूड केस. भराभर कामं उरकणारी. आम्हाला पाहून तिला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. "ते खाली आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "सकाळपासून. वर येत नाहीयेत."

ती दाराशी वाकून जर्मनमध्ये काहीतरी बोलली. खालून एकच शब्द आला, बहुधा 'नाही'. तिनं ओठ मिटले. युसूफ खाली गेला, बराच वेळ गेला, आणि बाहीनं डोळे पुसत वर आला. "आपा, मला म्हणतो, तू जा, मी इथेच बरा आहे."

ऊन चढत होतं. कात्रीन लिंबाच्या सावलीत पायरीवर बसली. तिची रजा संपली होती. घराच्या किल्ल्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. बापाला उचलून तर नेता येत नाही. "मी जबरदस्ती केली तर ते येतील," ती म्हणाली, "पण मग तिथं पोचेल ते कोण असेल, मला माहीत नाही."

काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं. मला एवढंच सुचलं की माणसानं सकाळपासून खाल्लेलं नाही. मी ताटलीत घावणे घेतले, एक सुरी घेतली आणि खाली उतरले.

आढीच्या वासानं केलर भरून गेलं होतं. हर्मन एका उपड्या खोक्यावर बसला होता, वरच्या फळीखाली. मी "सलाम" म्हटलं आणि समोर गवतावरच बसकण मारली. एक आंबा काढला, चिरला, फोड त्याच्या हातात दिली. तो खाऊ लागला. रस मनगटापर्यंत ओघळला तो त्यानं पुसला नाही.

"सिस्टर," तो इंग्रजीत म्हणाला, "तुमचे मिस्टर गेले. त्यांच्या वस्तूंचं तुम्ही काय केलंत?"

"कपडे वाटले. चष्मा ठेवला."

"चष्मा का?"

"कुणाला दिला असता तर नंबर कुठं जुळणार होता?"

तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "तिची कबर शारजात आहे. मी जातो. फुलं ठेवतो. तिथं मला काही सुचत नाही. इथं मात्र ती मला रागावते. झाकण घट्ट लाव. पाय पुसून ये. इथं तिचा आवाज आहे. मी गेलो की हे वाळूनं भरतील. मग ती कुणाला रागावेल?"

मी वर पाहिलं. "त्या बरण्यांत काय आहे?"

"अंजीर. शेजारच्या शेतातले. तिचा शेवटचा उन्हाळा."

"चवीला कसा असतो तो मुरंबा?"

तो थांबला. घुटमळला. "तीन वर्षं झाली. उघडली तर संपणार. म्हणून मी उघडली नाही. आता... आता नीट आठवतही नाही, सिस्टर." हे शेवटचं वाक्य तो फार हळू बोलला.

"कात्रीनला आठवत असेल," मी म्हटलं. मी सहज म्हटलं होतं.

"मला नाही आठवत."

आवाज पायऱ्यांवरून आला. कात्रीन केव्हाची येऊन मधल्या पायरीवर बसली होती, आम्हाला कळलंच नव्हतं. ती इंग्रजीतच बोलली, बहुधा माझ्यासाठी, किंवा जर्मनमध्ये तिला ते जमलं नसतं म्हणून. "मी शिकायला म्हणून हे घर सोडलं तेव्हा आई म्हणाली, केलरात जा, हवी ती बरणी उचल. मी म्हटलं, बॅगेत जागा नाही. नंतर दर खेपेला ती विचारायची. मी म्हणायचे, पुढच्या वेळी. ती गेली तेव्हा आले, तर तुम्ही इथलं दार लावून घेतलं होतं, पपा. मला वाटलं, हे आता कुणालाच मिळायचं नाही. मी विचारलं नाही."

हर्मन तिच्या दिशेनं पाहत होता. त्याला ती नीट दिसत नसणार. पायरीवरच्या उजेडात एक आकार, एवढीच. मग तो उठला. काठी खोक्याला टेकवून ठेवली, हात वर नेला आणि कापडांवरून बोटं फिरवत गेला. पहिलीवर थांबला नाही, दुसरीवर थांबला नाही. एक बरणी त्यानं दोन्ही हातांनी उतरवली आणि मुलीपुढे धरली.

"तू उघड. माझ्या हातांत जोर नाही."

कात्रीननं दोरा सोडला. झाकण काही हलेना. युसूफ खाली आला, त्याच्यानंही होईना. शेवटी रेहाना उतरली. तिनं चमच्याची कड झाकणाखाली सरकवून किंचित उचलली आणि टक् असा आवाज झाला. इतका छोटा आवाज, पण आम्ही सगळेच दचकलो. मग वास आला.

घावण्यावर मुरंबा घेऊन कात्रीननं पहिला घास बापाला भरवला, दुसरा स्वतः घेतला. तिनं डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती चावत होती. "लवंग," ती म्हणाली.

"दालचिनी," हर्मन म्हणाला.

"लवंग, पपा."

मग ती दोघं जर्मनमध्ये भांडू लागली. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण भांडण कशावर आहे ते नीट कळत होतं. त्यानं हेल्गाची मसाल्याची डबी हवेत उघडून दाखवली, तिनं मान हलवून ती नाकारली. अखेर हर्मन म्हणाला, "रेहाना, टेल हर!"

रेहानानं बोटावर थोडंसं घेतलं, जिभेवर घोळवलं. "दोन्ही आहे," ती म्हणाली. "आणि लिंबाची सालही."

"लिंबाची साल!" बापलेक एकाच वेळी म्हणाले, आणि आधी कात्रीन हसली, मग तो हसला, आणि हसता हसता तो मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला. युसूफ तोंड फिरवून उगाचच आढीचं गवत सारखं करत बसला.

निघताना पायरीवर मुलीचा दंड धरून हर्मन थांबला. "तुझ्या घराला केलर आहे?"

"आहे. आमच्या इमारतीत प्रत्येकाला असतं. माझ्यात सायकल आहे."

"फळी?"

"फळी नाही. लावू."

"लाकडाची," तो म्हणाला आणि पुढची पायरी चढला.

बॅगेतून कपडे निघाले आणि त्यांत गुंडाळून बरण्या आत गेल्या. एक त्यानं रेहानाला दिली. विमानतळावर त्यानं युसूफला दोन्ही हातांनी धरलं. अगदी शेवटी हर्मननं विचारलं, "युसूफ, खलास?"

"खलास कसलं, अर्बाब," युसूफ म्हणाला. "इन्शाल्ला, भेटू."

मी परतायच्या आदल्या दिवशी घरमालकाच्या मुलाचा युसूफला फोन आला. आज मशीन येणार आहे, तुला यायचं असलं तर ये. त्या माणसानं एवढं लक्षात ठेवावं ह्याचं मला नवल वाटलं. आम्ही दोघंच गेलो.

स्लॅब फोडून झाली होती. लिंबाचं झाड त्यांनी ठेवलं होतं. मोठ्या गाडीनं तांबूस वाळू आणली होती. ती ओतायच्या आधी घरमालकाच्या मुलानं हात वर करून गाडी थांबवली आणि युसूफकडे पाहिलं. युसूफ कडेला गेला, एक ओंजळ वाळू उचलली आणि आत सोडली. मातीला गेल्यासारखा. मग मागे सरला. वाळू धबधब्यासारखी कोसळली, फळ्यांच्या जागा, पायऱ्या, कोपऱ्यातलं उरलेलं गवत, सगळं दिसेनासं झालं. घरमालकाच्या मुलानं आम्हाला चहा मागवला होता.

"काढायला हिवाळा लागला होता, आपा," युसूफ म्हणाला. "आणि भरायला हा चहाही गार झाला नाही."

मी त्याचा हात धरला. त्याच्या तळव्याला अजून वाळू होती. बालपणी आमच्या बावांच्या (वडिलांच्या) मयतीहून परतताना मी असाच त्याचा हात धरला होता, तो तेव्हा केवढासा होता. मग तो म्हणाला, "आपा, भूक लागलीय." रस्त्यावरच्या एका पठाणी हॉटेलात आम्ही एका ताटात जेवलो, आणि जेवताना पहिल्यांदाच त्यानं मला त्याच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगितल्या. तो कारखान्यात पहिला पंप एकट्यानं जोडायला शिकला तो दिवस, झोया झाली तेव्हा हेल्गानं विणलेलं टोपडं, पहिल्या ईदला हर्मननं पाठ करून म्हटलेलं चुकीचं "ईद मुबारक". आम्ही त्याला पत्रांतून, फोनवरून इतकी वर्षं पैसे पोचले का, तब्येत बरी का, कधी येतोस, एवढंच विचारत आलो होतो.

विमान उठलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून खाली पाहिलं. तांबूस वाळू, तिच्यावर रस्त्यांच्या रेघा. कुठं काय होतं ते वरून कळत नाही.

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर उतरले तर नारळाची गाडी लावणारे हुसेनचाचा समोर. माझी बॅग त्यांनी हातातून घेतली. आमच्याकडे आखातात गेलेल्या माणसाबद्दल बोलायची एक रीत आहे. चाचांनी त्या रीतीनंच विचारलं, "काय मास्तरीणबाई, युसूफ अजून बाहेरच का?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. सवयीनं. इतकी वर्षं मीही तेच सांगत आले होते. तो बाहेर असतो. जणू आमच्या दाराबाहेर ताटकळत उभा आहे आणि कधीतरी आत येणार आहे.

"नाही, चाचा," मी म्हटलं. "तो शारजाला राहतो."